शिडीची दोरी

तोंतों नेव्हिल शिडी उचलण्याआधी तिच्याशी बोलायचे. "चल बाई, ऊठ आता, लेकरं वाट बघतायत," असं म्हणत तिच्या पायऱ्यांवरून हात फिरवायचे, मग कमरेवर हात ठेवून दोनदा कण्हायचे, आणि तेव्हा कुठे ती त्यांच्या खांद्यावर चढायची. मेर्सिया लाबिशच्या डोक्यात दिवसातली पहिली तिडीक इथेच जायची. ऊन तापायच्या आत पिल्लांची वजनं उरकायची असतात, आणि हा माणूस शिडीची मनधरणी करत बसलाय.

बरं, बोलायची सोय नव्हती. तोंतों म्हणजे काका. इल सेलेस्तवरच काय, आजूबाजूच्या साऱ्या बेटांवर त्यांना याच नावाने हाक मारत. पक्ष्यांच्या कामात मेर्सिया त्यांची साहेब होती, पण वयाने ते तिच्या बापाएवढे. त्यामुळे रागवायचं तेही 'तुम्ही' म्हणून. 'तुम्ही' म्हणून रागावणं म्हणजे बोथट सुरीने मासा साफ करणं. हात दुखतात आणि खवलं जागच्या जागी राहतात.

बेटावर चौघंच राहत. दोघांकडे कासवं आणि येणारे पाहुणे, मेर्सियाकडे पक्षी, आणि तोंतोंकडे होडी, चूल आणि शिडी. होडी ते झोपेतसुद्धा चालवतील. बाहेरची होडी बेटाच्या वाळूला लागू द्यायची नाही, तिच्यातून एखादा उंदीर उतरला तर पक्ष्यांचं संपलंच, असा इथला कायदा; म्हणून येणाऱ्या प्रत्येकाला लाटांच्या पलीकडून तोंतोंच आपल्या होडीत घालून आणत. चुलीपाशीही त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. आंबट बिंबलं घालून केलेली त्यांची मोरी माशाची चटणी खायला शेजारच्या बेटावरची माणसं काहीतरी निमित्त काढून येत. गाडं अडायचं ते शिडीपाशी.

आणि शिडीवाचून मेर्सियाचं काम होत नव्हतं. पांढरी सुरय घरटं बांधत नाही. उघड्या फांदीवर जरासा खळगा बघते, त्यात एकच अंडं ठेवते आणि देवावर हवाला टाकून मोकळी होते. पिल्लू जन्मतं ते मोठाले पंजे घेऊनच, आणि उडेपर्यंत त्या फांदीला चिकटून बसतं. आईबाप समुद्रावरून चोचीत आडवे मासे धरून येतात ते त्या जागेवर. जागा हाच पिल्लाचा पत्ता. आठवड्यातून एकदा मेर्सियाने शिडीवर चढायचं, पिल्लू कापडी पिशवीत घालून खाली आणायचं, काट्याला लटकवून वजन घ्यायचं, पट्टीवर पंख मोजायचा, आणि पुन्हा होतं तिथेच, तसंच नेऊन ठेवायचं. जागा चुकली तर आईबाप कधी निमूट भरवतात, कधी परकं म्हणून टोचून खाली ढकलतात. आणि खाली पडलेल्या पिल्लासाठी सापसुरळ्या टपलेल्याच असतात.

म्हणून मेर्सियाचा नियम होता, एका वेळी एक पिल्लू, एक पिशवी. तो तिने लाकडी फळीवर रंगवून व्हरांड्यात टांगला होता. त्याखाली दुसरा, पिल्लांना नावं ठेवायची नाहीत. नाव ठेवलं की जीव लागतो, आणि जीव लागला की काटा वाचताना डोळा आपल्या बाजूने झुकतो. तोंतों दोन्ही नियम मोठ्याने वाचायचे, "बरोबर आहे," म्हणायचे, आणि पुन्हा ये रे माझ्या मागल्या. चौदा नंबरच्या फांदीवरचं पिल्लू गडद करडं आणि गोल होतं, त्याचं नाव पडलं बिशप. शेजारच्या पंधरा नंबरवरचं जवळजवळ पांढरं, ती नवरी. मेर्सियाने किती बजावलं, पण पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी वैताग असा की आता तिच्याही मनात चौदा म्हटलं की बिशपच यायचा.

त्या शनिवारी तोंतोंनी कहर केला. शिडी रात्रभर बदामाच्या झाडाला टेकवून ठेवली, ती न बांधता. एका अवाढव्य म्हाताऱ्या कासवाला पाठ खाजवायला तीच सापडली. शिडी घसरली, जाताना खालची फांदी घेऊन गेली, आणि त्या फांदीवर अंडं होतं. सकाळी मेर्सिया पोचली तेव्हा सापसुरळ्या टरफल चाटत होत्या. आईसुरय मोडक्या फांदीच्या खुंटावर येऊन बसायची, उडायची, पुन्हा येऊन बसायची.

"बांधायला विसरलो," तोंतों म्हणाले.

"विसरलात."

"दोरी खिशातच होती, बघ." त्यांनी निळी दोरी काढून दाखवली, जणू ती खिशात होती याचं काही बक्षीस मिळणार होतं.

मेर्सिया तरातरा खडकावर गेली. स्वयंपाकघराच्या मागचा तो खडक, फोन लागायचा तो फक्त तिथेच. वारा सुटला होता, म्हणून ओरडून बोलावं लागलं. माहे या मोठ्या बेटावरच्या कचेरीत तिच्या वरच्या बाई होत्या मादाम कोंफे. त्यांना तिने सगळं सांगितलं, पाण्यात पडलेली पट्टी, हरवलेले दोन काटे, आजचं अंडं. "माझ्या नाकी नऊ आलेत, मादाम. एक तर ते राहतील इथे, नाहीतर मी."

"गुरुवारी येते," मादाम म्हणाल्या. "वजनं माझ्यासमोर करा. तू म्हणतेस तसंच असेल, तर इथल्या गोदामात एक जागा आहे. बसून दोर आणि रंगाचे डबे मोजायचे. या वयात त्यांना तेही बरं."

फोन ठेवला तेव्हा मेर्सियाला हलकं वाटलं. दुपारपर्यंत तो हलकेपणा उतरला. तोंतोंना माहेवर घर नव्हतं. बायको जाऊन कितीतरी वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. एका पुतणीची मागची खोली होती, जिच्या खिडकीतून गॅरेजची भिंत दिसायची. नाताळला ते तिकडे जात आणि दोन दिवसांत परत येत. "तिथे रात्री काही ऐकूच येत नाही, पोरी," म्हणायचे. इथे रात्रभर पक्ष्यांचा असा कालवा की नवा माणूस कानात कापूस घालून रडकुंडीला यायचा.

पण अंडं गेलं होतं ना? गेलं होतं. मग? मेर्सियाने स्वतःला दोनदा विचारलं आणि दोनदा तेच उत्तर दिलं. संध्याकाळी तोंतोंनी न मागता तिच्यापुढे गवती चहा आणून ठेवला. तो तिने प्यायला, आणि तेवढ्यासाठीही तिला त्यांचा राग आला.

सोमवारी वजनाचा दिवस. तोंतोंनी शिडी उचलली ती मुकाट्याने. बाई नाही, लेकरं नाहीत, कण्हणंसुद्धा नाही. मेर्सिया मागून काटा आणि पिशव्या घेऊन चालली. बोलले तर त्रास होताच, पण न बोलले तर दुप्पट, हे तिला आज कळलं. दहाव्या झाडापाशी तिला राहवेना.

"बरं नाहीये का?"

"बरं आहे."

"मग दोरी काढा. शिडी बांधायची ना?"

"दोरी सापडत नाहीये."

"परवा तर खिशात होती. मला दाखवलीत."

"असेल कुठेतरी. मी धरतो की घट्ट."

"एक दोरी, तोंतों. एक! सगळ्या बेटावर शिडीची म्हणून एकच दोरी, आणि तीही…" पुढचं तिने गिळलं. गुरुवार जवळच होता. मग सगळं आपोआपच होणार होतं.

चौदा आणि पंधरा नंबरची उंडीची झाडं इतकी जवळ होती की त्यांच्या फांद्या एकमेकींत घुसलेल्या. मेर्सिया चौदावर चढली, बिशपला फुलाफुलांच्या पिशवीत घातलं, आणि तेवढ्यात समुद्रावरून काळा पाऊस सरकत येताना तिला दिसला. पाच मिनिटांत इथे. आता खाली उतरा, मोजा, वर चढा, ठेवा, शिडी हलवा, पुन्हा चढा. आणि शिडी हलवायची म्हणजे तोंतोंची कंबर.

"ही धरा," तिने पिशवी खाली दिली. "शिडी अशीच कलती करा, पंधरावरचंही घेते."

तोंतोंनी वर बघितलं. "एक पिल्लू, एक पिशवी. तुझाच नियम आहे, पोरी."

उभ्या जन्मात या माणसाने तो नियम पाळला नव्हता, आणि आज तो तिलाच शिकवत होता.

"आजच बरा आठवला तुम्हाला. करा शिडी इकडे."

नवरी निळ्या पिशवीत आली. खाली झाडाच्या आडोशाला वजनं झाली, पंख मोजून झाले, आणि पाऊस कोसळला. मेर्सिया डोळे मिचकावत वर चढली. दोरी नसल्यामुळे तोंतोंना एका हाताने शिडी आवळून धरावी लागत होती, दुसऱ्या हाताने त्यांनी पिशवी वर दिली. तिने पिल्लू फांदीवर ठेवलं, पंजे रोवले की नाही ते बोटांनी चाचपलं, शिडी कलती झाली, दुसरी पिशवी आली, दुसरं पिल्लू गेलं. दोघं भिजत घरी पळाली.

मंगळवारी सकाळी ती पाहुण्यांच्या वाटेवरचं पडलेलं झावळं बाजूला करत होती, तेव्हा सहज मान वर गेली. चौदा नंबरच्या फांदीवर सुरय चोचीत मासे धरून बसली होती आणि तिच्यापुढे चोच वासून बसली होती ती नवरी. पांढरीफटक.

मेर्सियाने हातातलं झावळं टाकलं. शेजारी पंधरावर बघितलं. बिशप, गोल आणि गडद, एकटाच. त्याच्या फांदीवर एक सुरय उतरली, त्याच्याकडे मान तिरकी करून बघितलं, आणि मासे न देताच उडून गेली.

खरं म्हणजे तिला काहीच करायची गरज नव्हती. गुरुवारी मादाम येतील, पिल्लांची अदलाबदल त्यांच्या डोळ्यांसमोर उघडी पडेल, आणि सगळ्यांच्या माना तोंतोंकडे वळतील. ती एक शब्द बोलली नाही तरी चालेल. हा विचार मनात आला, चांगला दोन पावलं सोबत चालला, आणि मग तिला स्वतःची किळस आली. दोन पिशव्या कुणी मागितल्या होत्या? आणि पाऊस सगळ्यांच्याच डोळ्यांत जात होता, पण फांदीवर पिल्लू ठेवणारे हात तिचे होते.

पण सांगायचं तरी कसं? परवाच फोनवर एवढं तोंड टाकून बसली होती. हात दाखवून अवलक्षण ते हेच. तिने ठरवलं, गुपचूप सरळ करून टाकायचं. चूक दुरुस्त झाली की ती झालीच नव्हती असं म्हणायला काय हरकत आहे?

दुपारी जेवणं झाल्यावर सगळे आडवे झाले. तोंतोंच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. मेर्सियाने शिडी उचलायला घेतली आणि तिला पहिल्यांदा कळलं की ती केवढी जड आहे. फरपटत नेली. दोरी नाही, धरायला कुणी नाही. तिसऱ्या पायरीवर शिडी डावीकडे सरकली आणि तिचा गुडघा सोलवटून निघाला. "हलू नकोस गं बये," ती दातांवर दात दाबून शिडीला म्हणाली, आणि म्हटल्यावर तिला जास्तच वैताग आला. पण काम झालं. बिशप चौदावर, नवरी पंधरावर. थोड्या वेळाने दोन्हीकडे मासे आलेले तिने स्वतःच्या डोळ्यांनी बघितले. शिडी पुन्हा फरपटत आणून छपराखाली ठेवली आणि रात्री डाळभातावर आडवा हात मारला.

"गुडघ्याला काय झालं?" तोंतोंनी विचारलं.

"काही नाही."

"खोबरेल लाव."

"लावते."

बुधवारी ती चहा घेऊन बाहेर आली तर शिडी छपराखाली नव्हती. ती उंडीच्या झाडांजवळ गवतात आडवी पडली होती, दवाने ओली. मेर्सियाचा पारा चढला. अंडं जाऊन चार दिवस झाले नव्हते.

"तोंतों! ही शिडी इथे कशी आली?"

तोंतों चुलीपाशी नीरफणस भाजत होते. त्यांनी मान वर केली नाही. "नारळ काढायला घेतली होती. पहाटे."

"नारळ? उंडीला नारळ लागायला लागले का?"

"येताना कंबर भरली, म्हणून टेकवली तिथे."

"टेकवलेली नाही, टाकलेली आहे! परवा मादाम येतायत… उद्या येतायत! त्यांच्यासमोर तरी नीट वागा. मी काय सारखं तुमच्या मागे फिरू?"

खरं तर तिथेच थांबून तिने विचारायला हवं होतं. पण शिडीचा विषय निघाला की तिला आपला गुडघा आठवत होता, म्हणून तिने तो वाढवला नाही. तोंतोंनी भाजलेल्या नीरफणसाची फोड तिच्या ताटलीत ठेवली. त्यांचा चष्मा मार्चमध्ये होडीतून समुद्रात पडला होता आणि नवा 'पुढच्या फेरीला' येणार होता, कितीतरी फेऱ्यांपासून. फोड अर्धी ताटलीबाहेर पडली.

गुरुवारी मादाम कोंफे लाटांमधून आल्या त्या कोरड्या. तोंतोंनी होडी अशी अलगद वाळूवर चढवली की मादामच्या टोपीलासुद्धा शिंतोडा नाही. मेर्सियाला हेही खटकलं. शिडीचं तेवढं जमलं असतं तर काय हवं होतं!

मादाम जाडजूड, कमी बोलणाऱ्या. ऐन तरुणपणी त्यांनीही याच बेटावर पिल्लं मोजली होती. त्या एका हातात पाण्याची बाटली घेऊन मागे मागे चालत राहिल्या. तोंतों आजही गप्पच होते. शिडी लावली, दोन्ही हातांनी आणि एका पायाने आवळून धरली, एकदाही हलू दिली नाही. तेराव्या फांदीपर्यंत सगळं असं सुरळीत झालं की मेर्सियालाच वाटायला लागलं, फोनवर आपण काय एवढं सांगत होतो?

चौदावर ती चढली. "चौदा. गडद करडं," तिने सवयीने खाली ओरडून सांगितलं आणि हात पुढे केला.

हातात आली नवरी.

क्षणभर तिला वाटलं, आपल्याला ऊन लागलंय. तिने शेजारच्या फांदीवर बघितलं. बिशप तिथे बसून तिच्याकडे टकमक बघत होता.

"हे तर पांढरं दिसतंय," खालून मादाम म्हणाल्या.

मग जे व्हायचं तेच झालं. मादामनी मान वळवली ती सरळ तोंतोंकडे. आणि मेर्सिया तोंड उघडायच्या आत तोंतों म्हणाले, "माझी चूक आहे, मादाम. सोमवारी मी पिशव्या उलट्या दिल्या हिच्या हातात. पावसात. घरी गेल्यावर ध्यानात आलं."

"आणि गप्प बसलात?"

"गप्प नाही. काल पहाटे येऊन पुन्हा बदलली मी. हिला कळायच्या आत. पण…" ते डोळे बारीक करून वर बघत राहिले. "बरोबर ठेवली होती. मला तरी बरोबरच वाटत होतं."

शिडीवर उभ्या उभ्या मेर्सियाला सगळं दिसलं. दवातली शिडी. उंडीचे नारळ. पहाटेच्या अंधुक उजेडात चष्म्याशिवाय धडपडत वर चढणारा हा म्हातारा, ज्याला रंग दिसत नव्हता, फक्त एवढंच ठाऊक होतं की अदलाबदल झालीय आणि ती उलटी करायची आहे. तिने मंगळवारी सरळ केलेलं त्याने बुधवारी निगुतीने उलटं केलं होतं. तिच्या मनात आलं, शिडीवरून उतरावं आणि या माणसाचं डोकं त्याच शिडीवर आपटावं. आणि त्याच क्षणी तिला रडूही येत होतं.

"म्हणजे चुकीचं सरळ करायला जाऊन तुम्ही पुन्हा चुकलात," मादाम थकल्यासारख्या म्हणाल्या. "नेव्हिल, आता खरंच…"

"नाही," मेर्सिया वरून म्हणाली.

"काय नाही?"

एवढंच राहिलं होतं. ती काही न बोलती तर पुढच्या फेरीला तोंतों गोदामात, दोर आणि रंगाचे डबे. तिने मागितलं होतं ते ताटात वाढून आलं होतं.

"ते चुकले नाहीत. म्हणजे चुकले, पण…" तिच्या हातात नवरी चुळबुळ करत होती. "सोमवारी दोन पिशव्या मीच मागितल्या. ते नको म्हणत होते. उलटी ठेवली ती मीच. मंगळवारी मला दिसलं, तेव्हा दुपारी कुणाला न सांगता मी ती जागेवर ठेवली. त्यानंतर यांनी ती पुन्हा बदलली."

मादामनी आधी तिच्याकडे बघितलं, मग तोंतोंकडे.

"एक चूक," त्या सावकाश म्हणाल्या. "दोघांनी आपापली समजून दुरुस्त केली. म्हणून ती जशीच्या तशी राहिली."

"तू मंगळवारी चढलीस?" तोंतों वर बघत म्हणाले. "एकटी? दोरीशिवाय? पडली असतीस म्हणजे?"

"तुम्ही अंधारात चढलात ते? चष्मा नाही, कंबर नाही!"

"माझी कंबर मी बघीन."

"आणि मला एका शब्दाने विचारता आलं नाही?"

"तुला तरी कुठे सांगता आलं?"

"पिल्लू उतरव आधी," मादाम म्हणाल्या. "भांडण खाली येऊन करा."

वजनं झाली. दोन्ही पिल्लांची वाढलेली निघाली, बिशपचं जरा कमी, पण वाढलेलं. सुरयांना या सगळ्या गोंधळाचं काही पडलेलं दिसत नव्हतं. काटा लटकत असतानाच एक जण चोचभर मासे घेऊन पंधरावर येऊन बसली आणि रिकाम्या फांदीकडे वैतागून बघायला लागली.

"कुठलं कुठे ठेवू?" मेर्सियाने विचारलं.

"आज जिथे होतं तिथेच. तीनदा उचललीत, आता पुरे. जे भरवतील त्यांची ती." मादामनी बाटलीतलं पाणी संपवलं. "आणि फोनवर तू मला म्हणाली होतीस, एक तर ते नाहीतर तू. मी त्याच्यासाठी आलेय. आता सांग."

त्या हे तोंतोंच्या समोरच बोलल्या. मेर्सियाचे कान तापले. तिने तोंतोंकडे बघितलं. ते समुद्राकडे बघत होते, भरती किती चढली ते बघावं तसे, आणि त्यांच्या चेहऱ्यावर नवल असं काही नव्हतं.

"गोदामाची जागा दुसऱ्या कुणाला द्या," ती म्हणाली.

दुपारी तोंतों मादामना सोडायला गेले. मेर्सियाने ठरवलं, दोरी सापडत नाही तर गेली खड्ड्यात, कोठीतून नवी काढू. कोठीची किल्ली तोंतोंच्या खोलीत दारामागे खिळ्याला असायची. तिने दार ढकललं.

खोली रिकामी दिसत होती. गादी गुंडाळून भिंतीशी उभी केलेली. भिंतीवरचा बायकोचा फोटो नव्हता, तिथे भिंतीचा जुना रंग चौकोनी उरला होता. रविवारचे बूट पुसून जोडीने ठेवलेले. मधोमध पत्र्याची पेटी, तिच्यावर डॉमिनोचा डबा, आणि डब्यासकट पेटीला उभी-आडवी बांधलेली निळी दोरी.

मेर्सिया किती वेळ उंबऱ्यात उभी राहिली कुणास ठाऊक. होडी लागल्याचा आवाज आला, वाळूतली पावलं आली, आणि तोंतों मागे येऊन उभे राहिले.

"कधी बांधलीत?"

"रविवारी."

"रविवारी? पण मादाम तर…"

"तू खडकावर होतीस, मी मागच्या पायरीवर डाळ निवडत होतो. वारा इकडचाच होता, पोरी."

"मग मला बोलला का नाहीत काही?"

"काय बोलायचं?" त्यांनी खांदे उडवले. "अंडं माझ्यामुळेच गेलं होतं की."

"आणि संध्याकाळी मला चहा दिलात."

"ओरडून घसा बसला होता तुझा."

चार दिवस तिने या माणसाला दोरीवरून फैलावर घेतलं होतं.

"ती दोरी सोडा आधी," ती म्हणाली. "शिडीची आहे ती. सोमवारी पुन्हा लागणार आहे."

"सोडतो."

ते गुडघ्यांवर बसले, दोनदा कण्हले आणि गाठीशी चाचपडायला लागले. खाऱ्या हवेने दोरी फुगून गाठ आवळून बसली होती, आणि डोळ्यांना दिसत तर नव्हतीच. "चल बाई," ते गाठीला म्हणाले, "सूट आता, उशीर होतोय."

मेर्सियाच्या डोक्यात तिडीक गेली. ती त्यांच्या शेजारी खाली बसली आणि गाठीचं दुसरं टोक नखांनी उकलायला लागली.